एक जूनच्या मुली

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत दोन आवाज एकदम सुरू होतात. माडीवर नात इतिहासाची उत्तरं मोठ्याने घोकत असते, आणि समोरच्या मंगल कार्यालयाच्या दारात बँडवाले पितळी वाद्यं पुसून एकेक सूर काढून बघत असतात. नात वैतागून खिडकी लावून घेते आणि पुन्हा वाचायला बसते. तिला त्या बँडचा नुसता त्रास होतो. मला भीती वाटते. पंचाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला लग्नाच्या वाद्यांची भीती वाटते हे घरात सांगण्यासारखं नाही, म्हणून मी गप्प बसतो आणि बँड पुढे जाईपर्यंत हातातलं वर्तमानपत्र उलटंसुलटं करत राहतो.

धुळ्याचा उन्हाळा तेव्हाही असाच होता. पांझरा नदी वाळूचा पट्टा होऊन पडलेली असे. जिनिंगचे हंगाम संपलेले असत, पण कापसाचे तंतू महिनाभर गावातून जात नसत. बाभळीच्या काट्यांना, गटारीच्या कडेला, शाळेच्या तुळयांना ते लोंबत राहत. सकाळचे दहा वाजले की रस्ते ओस पडत. गल्लीच्या तोंडाशी वावटळ येऊन उभी राही, आत यावं की नाही असा विचार करत असल्यासारखी, आणि मग एकदम कोणाच्या तरी अंगणात शिरे.

त्याच महिन्यात परीक्षा असे आणि त्याच महिन्यात लगीनसराई. मी मुलींच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होतो. शाळेचं नाव लिहीत नाही. ती जागा आता मोडली, ती माणसं गेली. मुलांच्या शाळेत एप्रिल म्हणजे नुसती परीक्षा. आमच्याकडे एप्रिलमध्ये बाक रिकामे व्हायला लागत. जो बाक एप्रिलमध्ये रिकामा होई तो जूनमध्ये भरत नसे. आज दुसऱ्या बाकावरची, परवा खिडकीजवळची. कोणी निरोप देत नसे. मुली आपसात सरकून बसत आणि मधली फट भरून काढत, आणि मी हजेरी घेताना ते नाव आलं की वर न बघता पुढे जाई.

मुलींना घरोघर जाऊन बोलावून आणायला तेव्हा शाळेची बाई असे. आमच्या शाळेची ठगूबाई. काळीसावळी, मोठ्या आवाजाची, हातात छत्रीची नुसती काडी. ती सकाळी गल्ल्या फिरून वीस-बावीस मुलींची रांग घेऊन येई आणि फाटकातूनच मला आकडा सांगे.

"आज दोन कमी शेतस, गुरुजी."

"आजारी का?"

"आजारी नही. हात पिवया हुई ग्यात." आणि मग मान हलवून, "बठ्ठा गावनी हयद मनाच नाकमा जाई राहिनी."

गावभरच्या हळदीचा वास तिच्या नाकात जात होता, असं ती म्हणे, आणि ते खरं होतं. त्या दिवसांत वर्गातसुद्धा हळदीचा वास येई. कोणाच्या तरी बहिणीचं, चुलतबहिणीचं लग्न असे, आणि उत्तरपत्रिकांवर पिवळे ठसे उमटत.

मी मराठी शिकवी आणि शाळेचं दफ्तरही सांभाळी. नवी मुलगी आली की जनरल रजिस्टरात तिचं नाव, बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख मी लिही. यातली जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे. गोदावरीला तिचा बाप घेऊन आला तो दिवस मला आठवतो. दगा आबा, पांझरेकाठी पाटाच्या पाण्यावर ऊस आणि गहू करणारा, चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस.

"जन्म कधीचा?" मी विचारलं.

"आमनी मोठी गाय मरनी ना गुरुजी, त्या सालनी शे ती."

"गाय कधी मेली?"

"पोर व्हयनी त्या साल."

ठगूबाई दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. मुलीकडे एकदा बघितलं, उंची बघितली, दात बघितले आणि लिहून टाकलं: एक जून. साल अंदाजाने. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून. त्या रजिस्टरात दहातल्या नऊ मुली एक जूनला जन्मलेल्या होत्या, आणि त्या सगळ्यांना मीच जन्माला घातलं होतं.

"मनी बी टाका ना एखादी तारीख," ठगूबाई म्हणाली. "मनं लगीन लागनं तवय मी पाळनामा व्हती म्हने."

हे सगळं आम्हाला विनोदी वाटे. मंजुळाबाईंना वाटलं नाही.

मंजुळाबाई शाळेतल्या एकट्याच स्त्री शिक्षक. असोद्याच्या शेतकरी घरातल्या, पाच भावांवरची एक बहीण, बी.ए. झालेल्या, आणि गणित शिकवीत. असोद्याच्या शेतकऱ्याची मुलगी बी.ए. कशी झाली, असं लोक त्यांना तोंडावर विचारत. त्या सांगत, "अकराव्या वर्षी लग्न ठरलं होतं माझं. तेवढ्यात विषमज्वर झाला आणि डोक्यावरचे सगळे केस गेले. मुलाकडच्यांनी नारळ परत पाठवला. केस यायला दीड वर्ष लागलं, तोवर मी अपूर्णांक शिकून बसले होते." सांगताना हसत. ऐकणाऱ्याला मात्र हसावं की नाही ते कळत नसे.

आम्हा चार पुरुष शिक्षकांच्या खोलीत त्यांनी बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांची खुर्ची नकाशांच्या खोलीत ठेवली होती. गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचा एक पिचका गोल, पाण्याचा वेगळा माठ आणि दफ्तराचं कपाट. कपाट त्यांच्या खोलीत असल्यामुळे त्याची एक किल्ली त्यांच्याकडे असे, दुसरी माझ्याकडे. ही किल्ल्यांची गोष्ट मी पुढे सांगणार आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

त्या मला भाऊ म्हणत. एकदा रजिस्टर चाळता चाळता म्हणाल्या, "भाऊ, एक जून ही मुलींची जन्मतारीख नाही. तुमची सोय आहे." मला राग आला. मी मॅट्रिक, त्या बी.ए. मी त्यांच्या आधी सहा वर्षं शाळेत होतो, आणि तरी हेडमास्तरांच्या जागेसाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं. माझी नेमणूक अजून वर्षावर्षाची होती. हे मी कोणापुढे बोललो नाही, पण आता लपवण्यात अर्थ नाही.

ज्या वर्षी विलायतेत लढाई पेटली त्या वर्षीचा तो उन्हाळा. गोदावरी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होती. गणितात तिच्यासारखी मुलगी मी तरी बघितली नाही, मंजुळाबाई फळ्यावर उदाहरण लिहीत असतानाच ती उत्तर पुटपुटे, आणि बाई पाठमोऱ्याच म्हणत, "गोदे, इतरांना जगू दे." मार्चच्या शेवटी ठगूबाई तिला न घेता आली. त्या दिवशी तिने मला आकडा सांगितला नाही. सरळ नकाशांच्या खोलीत गेली.

गोदावरीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. नवरा पाचोऱ्याच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, आणि आमच्या शाळेच्या मंडळाच्या चिटणिसांचा सख्खा भाचा.

चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा ठरून तेव्हा काही वर्षं झाली होती. पण त्या कायद्याला धुळ्यात कोणी भीत नसे. तक्रार करणारं कोणी नसे, आणि वयाचा पुरावा कोणाकडे नसे. पुरावा असलाच तर तो शाळेच्या रजिस्टरात.

सोमवारी सकाळी शाळा सुटायच्या वेळेला मंजुळाबाई माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, गोदीच्या जन्मतारखेचा दाखला द्या. मी कोर्टात अर्ज करणार आहे. लग्न थांबवता येतं."

"तारीख माझ्या अंदाजाची आहे, बाई."

"मी तिच्या आईला जाऊन विचारलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली म्हणाली, आणि तिच्याआधी सहा महिने जन्मलेल्या भावकीतल्या मुलाची पत्रिका बघून आले. तुमचं साल बरोबर आहे. एकदा तरी तुमचा अंदाज बरोबर आला, भाऊ. पोर अजून तेराचीसुद्धा नाही."

शिक्का टेबलावर होता. फॉर्म ड्रॉवरमध्ये होते. दोन ओळी लिहून सही करायला पाच मिनिटं पुरली असती. मी म्हणालो, "उद्या देतो." का म्हणालो? मला तेव्हा काहीही ठाऊक नव्हतं, कोणी मला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी थोडं थांबावं, माझ्या टेबलाशी दोन खेपा घालाव्यात, एवढंच मला हवं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी चिटणिसांचं बोलावणं आलं. ओसरीवर पाणी मारलेलं होतं, मातीचा थंड वास येत होता. त्यांनी मला खुर्ची दिली, ताक दिलं. माझ्या मुलाची प्रकृती विचारली. इतक्या आपुलकीने ते माझ्याशी पूर्वी कधी बोलले नव्हते, आणि ताकाचा पेला हातात धरूनच मला कळलं की काहीतरी वाईट होणार आहे.

"दगा आबाच्या मुलीची तारीख तुम्ही टाकलीत ना?"

"हो."

"कशावरून टाकलीत?"

"अंदाजाने."

"मग अंदाज दोन वर्षांनी चुकला असेल. माणूसच तो. आपली चूक आपणच दुरुस्त करायची, त्यात पाप नाही." मग दिव्याची वात पुढेमागे करत सहज म्हणाले, "जूनमध्ये नेमणुका करायच्या आहेत. तुमचं किती वर्षं असंच लोंबकळत ठेवायचं, मलाच बरं वाटत नाही."

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. परत येताना मी स्वतःला समजावत होतो: तारीख माझीच. गाय मेली त्या सालची. खोटीवर खोटी लिहिली तर ती जास्त खोटी कशी होईल? हा हिशेब मी इतक्या वेळा मनात केला की गल्लीपर्यंत पोचलो तेव्हा तो मला खराच वाटायला लागला होता. पण मंजुळाबाईंनी सकाळीच सांगितलं होतं की साल बरोबर आहे. ते मी त्या हिशेबात धरलं नाही.

मंगळवारी अकराला शाळा सुटली. बाई घरी गेल्या. मी मागे राहिलो, नकाशांच्या खोलीची दारंखिडक्या लावून घेतल्या. बाहेर इतकं ऊन होतं की फटीतून आलेली उन्हाची रेघ भिंतीवर चाकूसारखी उभी होती. कुठे पक्षी नाही, माणूस नाही. लांबून कुठूनतरी सनई ऐकू येत होती. एखाद्या घरी मांडव घातला असावा. मी रजिस्टर काढलं, कागद खरडायचं पातं घेतलं आणि सालातला शेवटचा सहा खरडला. अक्षरी लिहिलेलं सालही खरडलं. मग त्या जागी चार लिहिला. खरडलेला कागद शाई धरत नाही. तो चार सुरवंटासारखा केसाळ पसरला. मी टीपकागद दाबून धरला आणि शाई सुकल्यावर रजिस्टर कपाटात ठेवलं.

बुधवारी दाखला दिला. त्यावर शाई पसरलेली नव्हती, माझं अक्षर मोत्यासारखं होतं. मंजुळाबाईंनी वाचला, परत वाचला, आणि कपाट उघडून रजिस्टर काढलं. गोदावरीच्या पानावरचा तो केसाळ चार त्यांनी बघितला. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलीने सोपं उदाहरण चुकवलं की त्या जशा बघत, तशा.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "परत सहा करा. अजून वेळ आहे."

मी म्हणालो, "मला पेपर तपासायचे आहेत."

त्यांनी मंडळाकडे लेखी तक्रार केली. चौकशी दोनच दिवसांनी, भर दुपारी, मंडळाच्या सभागृहात. दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारलं होतं, आणि तो वास आजही मला सहन होत नाही. सूनबाईने परवा माठात वाळ्याची जुडी टाकली, मी ते पाणी ओतून दिलं.

पाच सभासद. चिटणीस एका कडेला, आपला संबंध नसल्यासारखे. अध्यक्षांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"हा आकडा खरडलेला दिसतो. कोणी खरडला?"

"मी," मी म्हणालो. "मूळ आकडा चारच होता. मध्यंतरी कोणीतरी त्याचा सहा केलेला मला आढळला. मी तो पूर्ववत केला."

हे वाक्य मला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते माझं मला सुचलं.

"कोणीतरी म्हणजे कोणी?"

"मी पाहिलं नाही."

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे."

"आणि दुसरी?"

मी मंजुळाबाईंकडे बघितलं नाही. पडद्यावरून पाणी ठिबकत होतं, ते मी मोजत होतो. नाव मी घेतलं नाही. पुढची कित्येक वर्षं मी या एका गोष्टीचा आधार धरून जगलो, की नाव मी घेतलं नव्हतं.

मंजुळाबाई उभ्या राहिल्या. आवाज शांत होता. "अध्यक्षसाहेब, मागचं पान उघडा. गोदावरीची थोरली बहीण यशोदा याच शाळेत होती, गेल्या वर्षी लग्न होऊन गेली. तिची तारीख बघा. एक जून, आणि हेच साल. गोदावरीची तारीख ही धरली तर दोघी बहिणी एकाच दिवशी जन्मल्या. दगा आबांना जुळ्या झाल्या होत्या का?"

यशोदा माझ्या लक्षातच नव्हती. पकडलो गेलो, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

अध्यक्षांनी मागचं पान उघडलं. मग आणखी मागचं, आणखी मागचं. आणि ते मोठ्याने हसायला लागले.

"अहो बाई, या गुरुजींच्या रजिस्टरात बठ्ठा गाव जुळा शे! ही बघा एक जून, ही एक जून, ही सोनाराची एक जून. माझी नात पण एक जूनच की! काय गुरुजी, त्या दिवशी धुळ्यात दुसरा उद्योग नव्हता का कोणाला?"

पाचही जण हसले. चिटणीस सर्वांत मोठ्याने. मीसुद्धा हसलो. त्या हसण्यात मंजुळाबाईंचा रजिस्टरातला एकमेव पुरावा वाहून गेला. माझी सोय, त्यांनी नाव ठेवलं होतं ती, ऐन वेळी माझ्या कामाला आली होती. एकट्या मंजुळाबाई उभ्या होत्या, रजिस्टरावर हात ठेवून, आमचं हसणं संपायची वाट बघत.

परीक्षा संपायच्या आत त्यांचा राजीनामा घेतला. त्यांच्या नोकरीच्या दाखल्यावर मंडळाने एक ओळ लिहिली: दफ्तरात फेरफार केल्याचा संशय. ती ओळ असलेल्या बाईला कोणती माध्यमिक शाळा घेणार? गोदावरीचं लग्न वैशाखात लागलं. वरात शाळेवरून गेली. बँड नव्हता तेव्हा, सनई आणि डफ. ठगूबाई फाटकात उभी होती. त्या दिवसापासून ती मला सकाळचा आकडा सांगेनाशी झाली. मुली आत सोडी आणि पाठ फिरवून निघून जाई. जूनमध्ये मी कायम झालो.

गोदावरी मला एकदाच भेटली, पाचोऱ्याच्या स्टेशनवर, पाच-सहा वर्षांनी. कडेवर एक, बोटाला एक. वयाने अठरा-एकोणीस असेल, चेहरा चाळिशीचा. फलाटावर वाकून पाया पडली.

"गुरुजी, आमन्या बाई कोठे शेत आते?"

बाई साक्रीच्या बाजूला डोंगरातल्या एका प्राथमिक शाळेत आहेत, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "काही कळलं नाही, पोरी." गाडी आली. ती डब्यात चढताना थोरल्या मुलीला पायऱ्या मोजायला सांगत होती.

आणि मग स्वातंत्र्य यायच्या बेतात असताना, अशाच उन्हाळ्यात, मंजुळाबाईंचं कार्ड आलं. साक्रीला नवी माध्यमिक शाळा निघत होती. मुख्याध्यापकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता, आणि तिथल्या मंडळींना जुन्या ओळीचा खुलासा हवा होता. कार्डावर एवढंच होतं: भाऊ, एकदा येऊन जा.

मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. जाताना मोटारीत मला खात्री होती की आज मी लिहून देणार. कुडाची शाळा, शेणाने सारवलेली जमीन, पुढे मोहाचं झाड. वर्गात वीसेक मुलंमुली. बाईंचे केस पिकले होते. त्यांनी मला पडवीत बसवलं, पाणी दिलं, माझ्या मुलांची चौकशी केली. माझी वाक्यं मी पाठ करून आलो होतो. ती मी म्हणालो. चूक झाली, रात्री झोप लागत नाही, वगैरे.

त्यांनी ऐकून घेतलं. "हे मला कशाला सांगता, भाऊ? मला ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा." आणि आतून एक कागद, दौत आणि टाक आणून माझ्यापुढे ठेवला. "दोन ओळी लिहा. सही करा. मी शिक्का मागत नाही."

तेव्हा चिटणीस हयात होते. माझी हेडमास्तरकीची शिफारस त्यांच्या टेबलावर होती. मी खिशावरून हात फिरवला आणि म्हणालो, "चष्मा विसरून आलो, बाई. घरून लिहून पाठवतो."

चष्मा खिशातच होता. पातळ सदरा होता, त्यातून तो दिसत असणार.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वर्गावर गेल्या. कागद तिथेच राहू दिला. परतीच्या गाडीला दीड तास होता. तो दीड तास मी त्या कागदासमोर बसून काढला. आत बाई फळ्यावर काही लिहीत होत्या, खडूचा आवाज येत होता, आणि मोहाखाली वारा धुळीचा भोवरा करून मोडत होता, पुन्हा करत होता. मग गाडी आली आणि मी उठलो.

साक्रीच्या शाळेवर दुसरे कोणी मुख्याध्यापक आले. मंजुळाबाई निवृत्त होईपर्यंत त्या कुडाच्या शाळेत पाढे शिकवत राहिल्या. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या पाच सभासदांपैकी कोणी उरलेलं नाही. मला भ्यायला आता कोणी शिल्लक नाही. तेवढ्यामुळेच बहुधा हे लिहिता येतं आहे, यात शौर्य काही नाही. पण दाखल्यावरची ती ओळ अजून कोणी खोडलेली नाही.

त्या कागदावर लिहायचं होतं ते असं.

गोदावरी, बाप दगा पाटील, हिच्या जन्मसालातला मूळ आकडा सहा होता. तो मी माझ्या हाताने खरडून चार केला आणि चौकशीत खोटं बोललो. मंजुळाबाईंनी त्या आकड्याला हातसुद्धा लावला नव्हता.